प्रारब्ध कोणी कोणास सांगावे?

सज्जनहो, नित्य भजनास येणारा एखादा टाळकरी लागोपाठ दोन एकादश्या दिसत नाही. चौकशी करावी तो कळते, नोकरी गेली. "रिकाम्या हातानं चार माणसांत कसं यावं?" म्हणून घरी बसला. अशा वेळी आम्ही सहज बोलून जातो, "प्रारब्ध आहे, भोगलंच पाहिजे." हे बोलणे योग्य काय, याचा आज विचार करू.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणगावात संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. त्यांत घाटावरचे व कोकणातले माळकरी कितीतरी. तो संप रीतसर मिटलाच नाही, आणि हजारोंना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. पगार थांबला की प्रथम वाण्याची उधारी वाढते, मग बायकोच्या अंगावरचे डाग जातात, मग पोरांची शाळा सुटते. कित्येक मायबहिणींनी खाणावळी चालविल्या, धुणीभांडी केली आणि चूल पेटती ठेवली. कित्येक कुटुंबे गावी परतली. ज्या घरी मनिऑर्डर यायची, त्याच घरी खाणारी तोंडे वाढली.

आता तुकोबारायांकडे पाहा. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात दुकान बुडाले, दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. स्वतःचे दुःख त्यांनी विठोबाच्या पायी वाहिले. परंतु लोकांकडील येण्याची खते हाती होती, तेव्हा "तुमचं प्रारब्ध, फेडा" असे ते म्हणाले नाहीत. आपल्या वाटणीची खते त्यांनी इंद्रायणीत बुडविली, असे चरित्रकार सांगतात.

तात्पर्य हे की, प्रारब्ध हा शब्द आपल्या दुःखापुरता ठेवावा. दुसऱ्याच्या दुःखापुढे तो उच्चारला की तो परमार्थ राहत नाही, अंग चोरण्याची सबब होते. तेथे दयाच हवी.

म्हणून जो दिसत नाही त्याच्या घरी आपण जावे. शिधा द्यावा तो गाजावाजा न करता. कुठे कामाची वार्ता लागली तर आधी त्याला कळवावी. यंदा दिंडीची भिशी त्याच्याकडे मागू नये. पंगतीत मात्र शेजारी बसवावे.

आणि ज्याची नोकरी गेली त्या बंधूस एवढेच सांगणे: घरच्यांपासून लपवू नका, बायकोपुढे खरा हिशेब मांडा. पगार गेला म्हणून गळ्यातली माळ उणी होत नाही. टाळ घेऊन या, तुमची जागा रिकामीच आहे.

रामकृष्णहरि.