त्रिपुराला वर कुणी दिला?

शिरूर तालुक्यातल्या रांजणगावची कथा अष्टविनायकाची यात्रा केलेल्या प्रत्येकाने ऐकलेली असते. त्रिपुरासुर माजला, शंकर त्याच्याशी लढायला निघाले, पण निघताना गणपतीचं स्मरण राहून गेलं आणि पदरी अपयश आलं. चूक ध्यानात आल्यावर त्यांनी गणपतीची आराधना केली आणि एका बाणात तिन्ही पुरं जाळली. आराधना झाली त्या जागेचा हा महागणपती. यात्रेच्या बसमध्ये कथा इथेच थांबते, कारण तोवर देवळाची कमान आलेली असते.

गणेशपुराण त्याच्या आधीचीही गोष्ट सांगतं. सोन्याची, चांदीची आणि लोखंडाची ती तीन नगरं त्रिपुरासुराला तपश्चर्येने मिळाली होती, आणि वर देणारा होता खुद्द गणपती. म्हणजे असुराचं बळ जिथून आलं, त्याच दारी शंकरांनाही जावं लागलं.

मग देव आणि असुर यांच्यात फरक तो काय उरला?

हा प्रश्न आज एका अनपेक्षित ठिकाणी रोज विचारला जातो. टेबलाभोवती बसून, फासे टाकत, प्रत्येकाने एकेक पात्र वठवत खेळायचे काल्पनिक विश्वाचे खेळ आता आपल्याकडच्या तरुणांनाही ठाऊक आहेत. असं विश्व रचणाऱ्याला आधी ठरवावं लागतं की इथे जादू कशी चालते, शक्ती कुठून येते, कुणाला वापरता येते आणि कधी दगा देते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या 1974 सालच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये मांत्रिक मंत्र आधी पाठ करून ठेवतो आणि एकदा वापरला की तो त्याच्या मनातून पुसला जातो. ही कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या 1950 सालच्या ‘द डाइंग अर्थ’मधून घेतलेली. पुढे संगणकावरच्या खेळांनी आणखी सोपं केलं: पडद्यावर एक निळी पट्टी, जादू केली की पट्टी उतरते, थोडं थांबलं की पुन्हा भरते. शक्ती म्हणजे टाकीतलं पाणी.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्याच 1980 सालच्या देवदेवतांच्या पुस्तकात भारतीय देवांचंही एक प्रकरण आहे. तिथे इंद्राच्याही नावापुढे आकडे मांडले आहेत. किती घाव सोसेल, किती बळाने मारेल. खेळायला आकडे लागतात, हे मान्य. पण रांजणगावची कथा या हिशेबात बसत नाही. शंकरांचं बळ कमी पडलं म्हणून ते हरले नव्हते.

जादूचे नियम आपल्याकडे नव्हते असं कुणी समजू नये. पतंजलींच्या योगसूत्रांत चौथ्या पादाच्या आरंभीच सिद्धींची पाच उगमस्थानं दिली आहेत: जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. खेळाच्या नियमपुस्तकात शोभावी इतकी नेटकी विभागणी! आणि त्याआधीच, तिसऱ्या पादात, बजावून ठेवलं आहे की काही सिद्धी समाधीच्या वाटेतले अडथळे ठरतात. मीमांसक त्याहून धीट. त्यांच्या मते यज्ञाचं फळ देवता प्रसन्न होऊन देत नाही. विधीतूनच ‘अपूर्व’ नावाची अदृश्य शक्ती उपजते आणि ती फळ देते. नियम आधी, देव नंतर. भक्तिमार्गाला हे पटणं शक्य नव्हतं.

रांजणगावची कथा या दोहोंच्या मधून वाट काढते. तिथे नियम आहे आणि तो शंकरांनाही चुकलेला नाही. पण तो नियम कुणाची तरी आठवण ठेवण्याचा आहे. महाभारताच्या कर्णपर्वात याच युद्धाचं वर्णन आहे. तिथे पृथ्वीचा रथ होतो, ब्रह्मदेव सारथी होतात, विष्णू बाणात उतरतात आणि सगळे देव आपलं अर्धं तेज शंकरांना देतात. अख्खं विश्व जोडून केलेलं हे शस्त्र आहे. त्यातलं जवळजवळ सगळं इतरांनी दिलेलं आहे, उसनं आहे.

तसं पाहिलं तर वर मिळाल्यावर त्रिपुरासुर देणाऱ्याला विसरला. लढायला निघताना शंकरही विसरले. बळाचा उगम एकच होता आणि चूकही जवळपास एकच होती. शंकर मागे वळले, असुर वळला नाही. देव आणि असुर यांच्यातला फरक इथे आहे, आणि कुठल्याही निळ्या पट्टीवर तो दाखवता येणार नाही.

दौंडहून भीमा ओलांडून सिद्धटेकला गेलं की हीच गोष्ट दुसऱ्या तोंडून ऐकू येते. गाव कर्जत तालुक्यातलं, पण रेल्वेने येणारा भाविक उतरतो दौंडलाच. इथे मधु-कैटभांशी लढून थकलेल्या विष्णूंनी टेकडीवर गणपतीची आराधना केली, तेव्हा त्यांना सिद्धी मिळाली. आताचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधलेलं. पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके यांचं सेनापतिपद गेलं, तेव्हा त्यांनी इथे 21 दिवस रोज 21 प्रदक्षिणा घातल्या आणि पद परत मिळालं, असं सांगतात. देऊळ टेकडीला लागून असल्याने प्रदक्षिणा घालायची तर सबंध टेकडीच फिरावी लागते. काट्याकुट्यांची, चढउताराची वाट. हरिपंतांची कथा शब्दशः खरी माना अथवा मानू नका, पण तिच्यात मंत्र पुटपुटून काम झालेलं नाही. पाय झिजवावे लागले आहेत.

शक्तीचा बाजार मांडणारेही याच महाराष्ट्रात आहेत, म्हणून तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. अलौकिक शक्तीचा दावा करून लोकांना फसवणं हा त्यात गुन्हा आहे. प्रदक्षिणा, यात्रा आणि परिक्रमा मात्र त्यातून स्पष्ट शब्दांत वगळल्या आहेत, आणि दिवंगत संतांचे चमत्कार सांगण्यालाही मुभा आहे. हा भेद कायद्याने अचूक धरला.

ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ‘ग्लोरँथा’ या विश्वात, ज्यावर 1978 साली ‘रूनक्वेस्ट’ हा खेळ निघाला, पात्रं देवाची जुनी कथा स्वतः जगून शक्ती मिळवतात. जागरण-गोंधळ पाहिलेल्या मराठी माणसाला हे परकं वाटू नये. मराठी मातीतलं असं विश्व रचायला बसलेल्या मुलामुलींनी परदेशी पुस्तकातले आकडे उतरवून घेण्याआधी एकदा दौंडला उतरावं, सिद्धटेकची टेकडी पायी फिरावी आणि येताना रांजणगाव करावं. पात्राच्या कागदावर बळाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखावा: हे बळ कुणाकडून आलं.