बर्जिल्लयाचे म्हातारपण

(वाचावयाचा शास्त्रभाग : २ शमुवेल १९:३१-४०)



वयाने मी अद्याप पन्नाशीच्या अलीकडे आहे. वृद्धास टाकून बोलू नये, बापासारखे मानून त्याची विनवणी करावी, हे पौलाने तीमथ्यास शिकविले. म्हणून हे माझे शब्द वडिलांस उपदेश नव्हेत, तर विनवणी होत. ज्या वाटेने ते आज चालले आहेत, तीच वाट उद्या मलाही चालावयाची आहे.

पुष्कळ घरांच्या ओसरीवर एक म्हातारा बसलेला दिसतो. भाकर जाड झाली तरी तो कुरकुरतो, पातळ झाली तरी कुरकुरतो. मुलाने बैल विकला तर त्यास अक्कल नाही, न विकला तर हिंमत नाही. काठी वाजली की नातवंडे परसात पळतात. लोक 'साठी बुद्धी नाठी' म्हणून मोकळे होतात. परंतु ह्याच मनुष्याने तरुणपणी विहीर खणली, लेकरे वाढविली, मंदिराच्या भिंतीस माती वाहिली. तो असा का बरे झाला?

मला बाराखडी व पहिली प्रार्थना शिकविणारे एक पंतोजी होते. पुष्कळ वर्षे उपासनेत शास्त्रपाठ तेच वाचीत. त्यांची नजर मंदावली, तेव्हा मी तो पाठ एका तरुणास दिला. पंतोजींस विचारले नाही. त्या रविवारापासून त्यांना सर्वत्र दोष दिसू लागले : गाणे बेसूर, पेटीचा आवाज मोठा, तरुण उर्मट. मीही त्यांची गल्ली टाळू लागलो. वर्षाने त्यांच्या दारी गेलो. एरवी मला 'बाळ' म्हणणारे ते त्या दिवशी म्हणाले, "पाळकसाहेब, पाठ गेला ह्याचे दुःख नाही. तुम्ही मागितला असता, तर मी आपल्या हाताने दिला असता."

बंधूंनो, म्हाताऱ्याच्या चिडखोरपणाचे एक मूळ येथे आहे. हातातून एकेक वस्तू हिसकली जात आहे, असे त्यास वाटते. आणि ज्याचे हिसकले जाते, तो मूठ आवळतो.

आता बर्जिल्लयाकडे पाहा. तो ऐंशी वर्षांचा होता. अबशालोमाच्या बंडामुळे दावीद पळाला, तेव्हा ह्याने इतरांसह महनाईम येथे गहू, जव, मसूर, मध, मेंढरे, अंथरुणे पोहोचविली. पुढे राजा परत निघाला आणि त्यास यरुशलेमेस येऊन आपल्याजवळ राहण्याचे निमंत्रण देऊ लागला. म्हाताऱ्याने काय उत्तर दिले? अन्नाची चव कळत नाही, गाणाऱ्यांचा आवाज नीट ऐकू येत नाही, हे त्याने उघड कबूल केले. पण ह्या कबुलीत कुरकूर नाही. 'माझ्या काळी असे होते' असे रडगाणे नाही. त्याने किम्हामास पुढे केले : ह्यास न्यावे, ह्याचे बरे करावे. मग राजाने त्याचे चुंबन घेतले, आशीर्वाद दिला, आणि तो आपल्या गावी परतला. मान त्याच्यापासून कोणी हिसकला नाही. त्याने तो आपल्या हाताने दिला.

ह्यावरून तीन गोष्टी शिकाव्या.

पहिली, उणे झाले ते कबूल करावे. ज्यास ऐकू कमी येते त्यास वाटते, लोक आपल्याविषयीच कुजबुजत आहेत. ज्याचे गुडघे रात्रभर ठणकतात, तो सकाळी सुनेवर ओरडतो. म्हणून कान, डोळे व दुखणे वैद्यास दाखवावे; मोतीबिंदू काढता येतो, कानास यंत्र मिळते. शांत स्वभावाचा मनुष्य एकाएकी बदलला, तर तो हट्ट न समजता आजार असेल असे समजून त्यास दवाखान्यात न्यावे.

दुसरी, जे उद्या द्यावयाचे आहे ते आज हसतमुखाने द्यावे. कोठाराची किल्ली दिली, तर पुन्हा कुलूप चाचपू नये.

तिसरी, काम संपले असे समजू नये. शमुवेल वृद्ध झाला आणि लोकांनी राजा मागितला, तेव्हा त्याच्या मनास ते लागले. तरी त्याने ते प्रथम देवापुढे नेले. पुढे, लोकांसाठी प्रार्थना सोडणे हे आपले पापच होईल, असे त्याने सांगितले. अधिकार गेला, प्रार्थना राहिली. ज्याच्याविषयी कुरकुरावेसे वाटते, त्याचेच नाव प्रथम देवापुढे घ्यावे. असे रोज केले असता त्याच मुखाने त्यास शिव्या देणे कठीण जाते.

आणि तरुणांनो, पाळकांनो, तुम्हांआम्हांसही दोष आहे. बैल विकण्याआधी ओसरीवर जाऊन विचारावे. मोठ्याने ओरडू नये. समोर बसून सावकाश बोलावे.

त्या दिवशी मी पंतोजींची क्षमा मागितली. त्यानंतर दर शनिवारी तो तरुण त्यांच्या ओसरीवर जाऊन पाठ वाचून दाखवी, आणि कठीण नावांचे उच्चार ते त्यास शिकवीत. डोळ्यांस दिसत नव्हते, पण पुष्कळ भाग मुखोद्गत होता. अखेरपर्यंत हा क्रम चालला. मात्र ते गेलेले एक वर्ष मला कधी परत मिळाले नाही.

हे प्रभू, आमचे केस पांढरे होतील, तेव्हा आमची मूठ उघडी ठेव. आमेन.