दुकानदाराला वाटत नसतं

आमचं किराणा दुकान केज तालुक्यातल्या एका बाजारगावात आहे. पुढं पत्र्याची पडवी, आत डाव्या हाताला गल्ला आणि गल्ल्याखाली लाल कापडी बांधणीच्या खातेवह्या. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्या इंजिनिअरिंगची फी याच गल्ल्यातून गेली. डिसेंबर 2024 मध्ये एका संध्याकाळी फोन केला तर नाना, म्हणजे माझे वडील, घरीच होते. त्या वेळेला ते घरी असले की एक तर कुणी गेलेलं असतं, नाही तर बंद असतो.

"बंद आहे," ते म्हणाले.

"पण तुम्हाला काय वाटतं या सगळ्याबद्दल?"

"आपल्याला काय वाटायचंय? दुकानदाराला वाटत नसतंय."

मला राग आला. आठवडाभर मी पुण्यात बसून मस्साजोगवर लिहीत होतो, वाद घालत होतो. आणि मस्साजोगपासून मोटारसायकलनं अर्ध्या तासावर राहणारा माझा बाप म्हणत होता की त्याला वाटत नाही.

काय घडलं ते आता महाराष्ट्राला माहीत आहे. मस्साजोगच्या हद्दीत पवनऊर्जा कंपनीचं काम चालू होतं. 6 डिसेंबरला तिथं काही जण घुसले, रखवालदाराला मारहाण झाली. गावचे सरपंच संतोष देशमुख मध्ये पडले. 9 डिसेंबरला त्यांचं अपहरण झालं आणि हाल करून त्यांना मारण्यात आलं. कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीच्या आड ते आले म्हणून त्यांचा जीव गेला, असं तपास यंत्रणेचं म्हणणं आहे. खटला न्यायालयात आहे. 28 डिसेंबरला बीडमध्ये प्रचंड मोर्चा निघाला. जिल्ह्यात बंद झाले, बाजारपेठा ओस पडल्या.

दोन कोटींची खंडणी आणि दुकानात फाडली जाणारी वर्गणीची पावती यांत आकड्याचा फरक मोठा आहे. पण मागणाऱ्याचं वाक्य एकच असतं: "इथं धंदा करायचाय ना?" म्हणून हा प्रश्न फक्त एका सरपंचाचा किंवा एका कंपनीचा नाही. ज्याचं नाव पाटीवर लिहिलेलं आहे, जो रोज सकाळी त्याच जागी शटर उघडतो आणि ज्याला पळून जाता येत नाही, अशा प्रत्येकाचा तो आहे. अशा माणसानं बोलावं का? आणि नाही बोलला तर त्याला दोष द्यायचा अधिकार कुणाला?

'बंद पाळला, म्हणजे बोललेच की,' असं पहिलं उत्तर मीच स्वतःला दिलं होतं. ते फार टिकलं नाही. 14 जानेवारी 2025 रोजी खंडणी प्रकरणातल्या मुख्य आरोपीवर मकोका लागला. त्याचे समर्थक परळीत रस्त्यावर उतरले आणि तिथली दुकानंही बंद झाली. म्हणजे महिनाभराच्या आत एकाच जिल्ह्यात शटरं खाली आली ती आधी न्यायासाठी आणि नंतर आरोपीसाठी. दोन्ही वेळा ज्यानं शटर ओढलं त्याला काय वाटत होतं, हे बाहेरून सांगता येत नाही. दुःख असेल, पाठिंबा असेल, किंवा काचा फुटू नयेत एवढाच हिशेब असेल. माझ्या कामात एखादा सर्व्हर बंद पडला की आम्ही लॉग उघडून कारण बघतो. शटरला लॉग नसतो. जी खूण प्रत्येक कारणासाठी सारखीच दिसते, ती काहीच सांगत नाही. बंदमध्ये बाजार गप्प असतो, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ ज्याच्या हातात माईक असतो तो लावतो.

दुसरं उत्तर नानांच्या बाजूनं देता येईल. ते बोलत नाहीत, पण करतात. आमच्याकडून दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयते निघतात. इथं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेऊन ही माणसं पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागं म्हातारी आणि शाळेत जाणारी पोरं राहतात. त्या पाच-सहा महिन्यांत तेल, साखर, साबण, वहीपेन्सिल हे सगळं नानांच्या वहीवर चालतं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ही वही इतकी फुगली की आईनं हिशेब विचारणं सोडून दिलं. नानांनी कुणाचा किराणा तोडला नाही. "पोरगं दारात उभं राहिलं की वही उघडायची, तोंड उघडायचं नाही," असं ते म्हणतात.

मी या वहीला कमी लेखत नाही. माझ्या कुठल्याही पोस्टनं आजवर कुणाच्या घरी चूल पेटलेली नाही. तरी वही ही बोलण्याची जागा घेऊ शकते का? मला तसं वाटत नाही. वहीतली मदत एका घरापुरती असते आणि ती झाकून केली जाते. घेणाऱ्याची लाज राखायची म्हणून झाकणं चांगलंच आहे. पण अन्याय चारचौघांत होत असेल आणि मदत मात्र पाठीमागच्या दारानं पोचत असेल, तर चारचौघांत अन्यायच एकटा दिसतो. हे मला एका हॉटेलवरून कळलं.

मी बारावीत होतो. स्टँडसमोर एका काकांचं चहाचं हॉटेल होतं. त्या वर्षी एका उत्सवाच्या वर्गणीची पावती आकडा आधीच टाकून आली. आम्ही भरली, सगळ्यांनी भरली. काका म्हणाले, "आकडा मी टाकीन, पावती तुम्ही फाडा." हे त्यांनी भर बाजारात, मोठ्यानं म्हटलं. त्यांना कुणी मारलं नाही, हॉटेलची काच फोडली नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून तिथली बाकडी रिकामी राहायला लागली. बहिष्कार कुणी पुकारला नव्हता. 'उगाच कशाला डोळ्यावर या' असं प्रत्येकानं आपल्यापुरतं ठरवलं. क्लासहून येताना मीही रस्ता ओलांडून पलीकडच्या टपरीवर चहा प्यायचो. काका गल्ल्यावरून बघायचे. मी मोबाइलमध्ये बघायचो.

त्या दिवसांत रात्री दुकान आवरल्यावर नाना मला साखर आणि चहापत्ती देऊन हॉटेलच्या मागच्या दाराशी पाठवत. पैसे वहीवर. काका पिशवी घेत आणि म्हणत, "नानाला म्हणावं, सकाळी चहाला ये." नाना गेले नाहीत. चार महिन्यांनी हॉटेल बंद झालं. काका गाव सोडून गेले.

बरीच वर्षं मला वाटायचं की या गोष्टीतले दोषी म्हणजे पावतीवाले. ते आहेतच. पण हॉटेल त्यांनी बंद पाडलं नाही. गिऱ्हाइकांनी, म्हणजे आम्ही पाडलं. त्यांना साखर कमी पडली नव्हती. सगळ्यांच्या देखत प्यायलेला एक कप चहा कमी पडला.

इटलीतल्या पालेर्मो शहराची गोष्ट मी नंतर वाचली तेव्हा मला स्टँडसमोरची ती बाकडीच आठवली. तिथं माफियाला धंद्यामागं हप्ता द्यावा लागायचा. लिबेरो ग्रास्सी नावाच्या कपड्यांच्या कारखानदारानं तो नाकारला. 10 जानेवारी 1991 रोजी स्थानिक वर्तमानपत्रात खंडणीखोराला उद्देशून त्याचं पत्र छापून आलं. इतर उद्योजक त्याच्या बाजूला उभे राहिले नाहीत. 29 ऑगस्टला घराजवळच त्याला गोळ्या घालण्यात आल्या. मग 2004 मध्ये त्याच शहरातल्या काही तरुण पोरांनी रातोरात हप्त्याविरुद्ध स्टिकर चिकटवले आणि त्यातून 'अद्दिओपिझ्झो' ही चळवळ उभी राहिली. त्यांनी दुकानदारांना आधी धैर्य मागितलं नाही. आधी ग्राहकांकडून जाहीर सह्या घेतल्या, की जो हप्ता देणार नाही त्याच्याकडूनच आम्ही खरेदी करू. हजारो सह्या जमल्यावर हप्ता न देणाऱ्या दुकानांची यादी निघाली.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आपण धैर्य हा एकट्या माणसाचा गुण समजतो. कुणाच्या तरी छातीत ते असतं किंवा नसतं, आणि नसेल तर तो भित्रा. पण दुकानदाराचं बोलणं त्याच्या एकट्याच्या भांडवलावर चालत नाही. गिऱ्हाईक उद्या आलं नाही तर त्याचं वाक्यही उद्या उरत नाही. म्हणून 'दुकानदार का बोलत नाहीत' हे विचारण्याआधी 'बोलला तर मी उद्या त्याच्या दारात दिसेन का' हे विचारायला हवं.

आमच्याकडे गिऱ्हाइकाची ताकद लोकांना कळलेली नाही असं नाही. 2024 च्या लोकसभा निवडणुकीचा निकाल बीडमध्ये साडेसहा हजार मतांच्या फरकानं लागला. त्यानंतर गावागावांत मराठा-ओबीसी अशी रेघ ठळक झाली आणि अमक्यांच्या दुकानात जाऊ नका, तमक्यांच्या हॉटेलात चहा पिऊ नका, असे व्हिडिओ फिरले. म्हणजे पालेर्मोत जी ताकद बोलणाऱ्याच्या पाठीशी उभी राहिली, तीच आम्ही आडनावं बघून वापरली. अशा बाजारात नाना म्हणतात की दुकानदाराला वाटत नसतं. ते नुसत्या गुंडांना भिऊन म्हणत नाहीत. त्यांना गिऱ्हाइकांचीही, म्हणजे आपलीच, भीती आहे.

मग दुकानदाराकडे काहीच जबाबदारी उरत नाही का? उरते, पण किती, हे ठरवताना मला देहूचा एक दुकानदार आठवतो. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, दुकान होतं, सावकारी होती. 1630 च्या आसपासच्या दुष्काळात सगळं बसलं. परंपरा सांगते की त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, पण त्याआधी वाटण्या केल्या. भावाच्या वाट्याची खतं भावाला दिली आणि फक्त आपल्या वाट्याची पाण्यात सोडली. या गोष्टीतला त्याग सगळे सांगतात. मला त्यातली वाटणी जास्त मोलाची वाटते. दुसऱ्याच्या वाट्यावर धाडस करायचं नाही, पण दुसऱ्याचा वाटा पुढं करून स्वतःचाही राखून ठेवायचा नाही. आईचं, बहिणीचं, उधारीवाल्या घरांचं जे या दुकानात अडकलंय ते पणाला लावायचा हक्क नानांना नसेल. पण त्यांचा स्वतःचा म्हणून जो छोटासा वाटा आहे, उदाहरणार्थ सकाळी एक चहा कुठं प्यायचा, तो तर त्यांचा होता. आणि रस्ता ओलांडणं माझं होतं. माझ्या वाट्यात तर ना दुकान होतं ना बायकापोरं.

हे सगळं मी नानांना फोनवर एका दमात सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्याचं पान अजून वहीत आहे." आणि फोन आईकडे दिला.

मार्च 2025 च्या सुरुवातीला आरोपपत्रातली ती छायाचित्रं बाहेर आली. ज्यांनी पाहिली त्यांना ती विसरता येणार नाहीत. पुन्हा बंदची हाक आली. दुपारी बहिणीनं मला आमच्या शटरचा फोटो पाठवला. वहीचं फाडलेलं पान, त्यावर निळ्या पेननं नानांचं अक्षर: 'सरपंचाला न्याय मिळावा म्हणून आम्ही आपल्या मनानं दुकान बंद ठेवलं आहे.' खाली दोन नावं. एक नानांचं. दुसरं शेजारच्या भांड्यांच्या दुकानवाल्यांचं, आणि ते आमच्या जातीचे नाहीत.

मी लगेच फोन केला. "भीती नाही वाटली?"

"वाटली की. म्हणून तर एकट्याचं नाव टाकलं नाही. दोघांना विचारलं. एक हो म्हणाला."

"आणि दुसरे? स्टेशनरीवाले?"

"तो म्हणाला, माझं नाव नको." नाना थोडं हसले. "पण डिंक त्याच्याच दुकानातला आहे."