सहा आण्यांचा सुस्मित

सुस्मित सेनचं काय करायचं ते एकदा ठरवून टाका बाबांनो. 'इंडियन ओशन' हा बँड सोडून तो २०१३ साली गेला. त्याच्या जागेवर आलेला निखिल राव तेव्हापासून इमानेइतबारे गिटार वाजवतो आहे, 'तू है' नावाचा नवा अल्बमही २०२३मध्ये येऊन गेला. आणि आमच्या धाराशिवच्या बसस्थानकाबाहेर, जिथे चहात साखर घालतात की साखरेत चहा हे अजून ठरलेलं नाही, तिथे सुट्टीला पुण्याहून आलेली पोरं या आठवड्यातही भांडतच होती: 'इंडियन ओशन'मध्ये सुस्मितचं योगदान नेमकं किती? एक म्हणाला चाळीस टक्के. दुसरा पंचविसाच्या वर सरकेना. तिसऱ्यानं तडजोड म्हणून पस्तीस सुचवले. तलाठ्यापुढे भावकी बसावी आणि सातबाऱ्यावर हिस्से चढवावेत, तसा सगळा कारभार. आमच्या आजोबांच्या हिशोबानं चाळीस टक्के म्हणजे सहा आण्यांच्या किंचित वर. ज्यानं १९९०मध्ये असीम चक्रवर्तीला सोबत घेऊन हा बँड उभा केला आणि आयुष्याची तेवीस वर्षं त्यात घातली, त्याचे सहा आणे. तेही उदार माणसाच्या मते.

बरं, हिस्से पाडायचेच तर नीट पाडा. बँडचं 'कंदिसा' म्हणजे केरळच्या सिरियन ख्रिस्ती लोकांची जुनी प्रार्थना. उद्या तिकडून कुणी हिस्सा मागत आलं तर कुठल्या रकान्यात घालणार? बँडचा बेसवाला राहुल राम नर्मदा आंदोलनात राहिलेला माणूस, 'मा रेवा' हे गाणं तिथूनच आलं. मग त्या खोऱ्यातल्या माणसांचे किती आणे? पण हे विचारलं की पोरं मोबाइलमध्ये बघायला लागतात.

हिशोबाचं मी एक वेळ समजू शकतो. गणित कच्चं असलेल्यालाही टक्केवारी आवडते. डोक्यात गेलं ते पंचवीसवाल्याचं शेवटचं वाक्य. "काका, बँड कुणा एकाचा नसतो. बँड व्यक्तीपेक्षा मोठा असतो."

हे वाक्य मी चांगलं ओळखतो. ते गिटारवाल्यांत जन्मलेलं नाही. त्याचं माहेर आपल्या शिक्षण संस्थांत, पतसंस्थांत, सप्ताह कमिट्यांत आणि गणेश मंडळांत आहे. 'संस्था व्यक्तीपेक्षा मोठी.' हे कोण म्हणतं, ते कधी नीट पाहिलंय? ज्याला खुर्चीवरून उठवायला चार माणसं लागतील, तो म्हणतो. पंचवीस-तीस वर्षं अध्यक्षपद न सोडलेला माणूस माईक हातात घेऊन सांगतो की आमच्याकडे व्यक्तीला महत्त्व नाही, आणि मागच्या फ्लेक्सवर त्याचाच फोटो दोन पुरुष उंचीचा असतो. (फ्लेक्सबद्दल या जागी मी पूर्वीही लिहिलं आहे. पुढेही लिहिणार. चौकात सूर्य दिसेपर्यंत लिहिणार.)

एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला गेलो होतो. शाळेचं नाव सांगत नाही. ज्या सरांनी सायकलवर वाड्यावस्त्या फिरून पहिल्या वर्गाची पोरं गोळा केली, पत्र्याच्या खोलीत भर उन्हाळ्यात शाळा भरवली, त्यांचं नाव मी स्मरणिकेत शोधत बसलो. कार्यकारिणी रंगीत पानावर. देणगीदार रंगीत पानावर. मंडपवाल्याची जाहिरात अर्ध्या पानाची, त्यात त्याचा नातू. सर कुठे होते? 'आणि इतर सहकारी' यांत होते. शेजारी बसलेल्या संचालकांना विचारलं, तर उत्तर खिशात तयार: "अहो, संस्था कुणा एकाची नसते." मान्य. मग ती रंगीत पानावरच्या अकरा जणांची कशी काय होते? यावर त्यांनी मला पेढा दिला. आपल्याकडे अवघड प्रश्नाला पेढा देतात.

या वाक्याची गंमत अशी की ते नेहमी मांडवात नसलेल्याबद्दलच बोललं जातं. राहुल राम बेस घेऊन स्टेजवर उभा असताना त्याला कुणी म्हणत नाही, की बाबा, बँड तुझ्यापेक्षा मोठा आहे, जरा मागे सरक. अमित किलमला ड्रमवरून कुणी उठवत नाही. म्हणूही नये. पण मोठेपणाचा हा कायदा माणूस दाराबाहेर पडल्यावरच कसा लागू होतो? आत असेतो तो आधारस्तंभ, बाहेर पडला की इतर सहकारी. आणि बँड मोठा झाला तो कशानं? पाऊस पडला नि गवत उगवलं, तसा झाला? कुणीतरी वाजवलं म्हणूनच झाला ना?

१९९७चा 'डेझर्ट रेन' लावा. सफदर हाश्मीच्या स्मरणार्थ 'सहमत'नं दिल्लीत भरवलेल्या कार्यक्रमातलं थेट ध्वनिमुद्रण आहे ते. गाण्याचे शब्द फारसे नाहीत, त्यामुळे कुणाच्या आड लपायची सोय नाही. गिटार तारा खरवडत धावत नाही. एकेक सूर वेचत, त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा फिरत, आलापी करावी तशी सरकते, आणि खालून असीमचा तबला तिला धरून असतो. रॉक ऐकायला बसलेल्या माणसाला वाटतं, अरे, हे तर आपल्याकडचं काहीतरी आहे. आता ती गिटार काढा, आणि उरलेल्या पट्टीला पंचाहत्तर टक्के गुण देऊन दाखवा.

बाकीच्या सबबी किरकोळ आहेत. 'तो स्वतःहून गेला ना', 'गाणी कुठे तो म्हणायचा' वगैरे. सोडा.

असीमचे टक्के मात्र कुणी काढत नाही, हे लक्षात आलं का? २००९च्या नाताळच्या दिवशी तो वारला. त्याचं नाव निघालं की तीनही पोरं दोन क्षण गप्प बसली. मेलेल्याला हार आणि गेलेल्याला हिशोब, अशी ही रीत. आपल्या पायांनी बाहेर पडलेला माणूस जिवंत असतो, उलटून बोलू शकतो, आपली बाजू सांगणारं पुस्तकही लिहू शकतो. सुस्मितनं लिहिलंच, 'ओशन टू ओशन'. एवढा जिवंतपणा चाहत्यांना सोसत नाही. पंचवीसवाल्याच्या अंगात पिंक फ्लॉइडचा टी-शर्ट होता, म्हणून जास्त राग आला. त्या बँडचा गिटारवाला सिड बॅरेट १९६८मध्ये बाहेर पडला. बाकीचे त्याच्याशिवाय जगभर गाजले आणि १९७५च्या अल्बममध्ये त्याच्यासाठीच एक लांबलचक गाणं करून बसले. टी-शर्ट घेतला, गाणं ऐकायचं राहिलं.

आता आपल्या तुळजापूरकडचं सांगतो. कदमराई गोंधळ्यांचा एक संच मला ठाऊक आहे. नायक आख्यान लावतो, एक जण संबळ धरतो, आणि एक तुणतुण्यावर असतो. तुणतुणं म्हणजे एक तार. टक्के काढायला बसलात तर त्याला पाचसुद्धा मिळायचे नाहीत. त्या संचातला जुना तुणतुणेवाला पुण्यात वॉचमनच्या नोकरीवर गेला आणि त्याच्या जागी नायकाचा भाचा आला. पोरगा सुरात, वेळेवर, नम्र. एका लग्नाच्या गोंधळात पाहिलं, की कथा रात्री एकच्या सुमारास संपून गेली. दिवटीत तेल शिल्लक, माणसं घरी. नायक मुंडाशानं घाम पुसत म्हणाला, "त्यो होता तवा मला गोष्ट पुढं नेऊच देत न्हवता बघा. शबुद काढला की आडवा. कोण राजा? कुठला राजा? त्येच्या बायका किती? तू गेलतास का बघाया? लई वैताग यायचा. आता कुणी आडवं येत न्हाई. गोष्ट सरळ जाती, आन लवकर मरती."

बिदागीत त्या माणसाचा वाटा सगळ्यात कमी असायचा, हेही नायकानंच सांगितलं. लाजून नव्हे, हसत. रात्रभर पुरणारी गोष्ट कुणाच्या आडवेपणावर चालली होती हे त्याला कळलेलं आहे. वाटा वाढवला असता का, हे मी विचारलं नाही. नसताच वाढवला.

आणि दुसरं उदाहरण नागपूरचं. दादा कोंडक्यांनी 'पांडू हवालदार'ला संगीत द्यायला दोन पोरं घेतली, सुरेंद्र आणि विजय पाटील, आणि नाव ठेवलं राम-लक्ष्मण. १९७५चा तो सिनेमा. पुढच्याच वर्षी राम गेला. लक्ष्मण, म्हणजे विजय पाटील, एकटा उरला. त्याच्याकडे सगळ्या सबबी होत्या. मोठं नाव पुढेच झालं, कमावलं त्यानं एकट्यानं. 'मैंने प्यार किया' १९८९ला, 'हम आपके हैं कौन' १९९४ला, तेव्हा रामाला जाऊन वर्षं लोटली होती. एखादी संस्था असती तर पहिल्याच वार्षिक सभेत ठराव करून राम वगळला असता आणि लक्ष्मणाचा फ्लेक्स लावला असता. या माणसानं पडद्यावर शेवटपर्यंत 'राम-लक्ष्मण' असंच येऊ दिलं. राम पुढे, आपण मागे. निम्म्या हिंदुस्थानला वाटायचं हे एकाच माणसाचं नाव आहे, आणि त्यानं तो गैरसमज मोडायची घाई केली नाही. मे २०२१मध्ये पाटील नागपुरात वारले, तेव्हा कुठे लोकांना कळलं की यातला राम कधीचाच गेलाय.

धंद्याचं गणितही असेल म्हणा. चाललेलं नाव कोण बदलतो? शंकर-जयकिशन जोडीतल्या शंकरनंही १९७१मध्ये जयकिशन गेल्यावर त्याचं नाव काढलं नव्हतं. असू दे. गणितापोटी का होईना, माणूस पाटीवर राहिला. शुद्ध हेतू शोधत बसलो तर या स्तंभाला दर आठवड्याला विषय मिळायचा नाही.

दुसऱ्या टोकाची मंडळीही काही कमी वैताग देत नाहीत. 'सुस्मित नाही तर ओशन नाही' असं छातीवर हात ठेवून सांगणारे. त्यांच्या मते निखिल रावनं काय करावं? दर कार्यक्रमाआधी माफी मागावी? दुसऱ्यानं बांधलेल्या जागा रोज वाजवायच्या, तशाच वाजवल्या तर नक्कल, वेगळ्या वाजवल्या तर बाटवलं. पोरांना मी म्हटलं, भांडायचंच असेल तर याच्यासाठी भांडा, तो अजून स्टेजवर आहे. 'तू है'मधलं त्याचं वाजवणं कसं वाटलं ते सांगा. चाळीसवाल्यानं पंचवीसवाल्याकडे पाहिलं, पंचवीसवाल्यानं पस्तीसवाल्याकडे. तिघांनीही तो अल्बम ऐकलेला नव्हता.