न खेळणाऱ्याचा पराभव

इसवी सन ५३२ च्या जानेवारीत, पूर्व रोमन साम्राज्याची राजधानी जे कॉन्स्टँटिनोपल, तेथील रथशर्यतींच्या विस्तीर्ण मैदानात निळ्या आणि हिरव्या पक्षांचे पाठीराखे, जे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची डोकी फोडण्यातच धन्यता मानीत आले होते, ते एकाएकी एक झाले आणि सम्राट जस्टिनियन याच्याविरुद्ध उठले. निमित्त म्हटले तर क्षुल्लक होते. पूर्वीच्या एका दंग्याबद्दल दोन्ही पक्षांतील काही इसमांना फाशीचा हुकूम झाला होता. ऐन वेळी फाशीचा सांगाडा मोडल्यामुळे त्यांतील दोघे, एक निळा व एक हिरवा, जिवंत राहिले. आणि दैवानेच सोडलेल्यांना सरकारने माफी द्यावी अशी मैदानाची मागणी होती. सम्राटाने दाद दिली नाही. पुढे जवळजवळ आठवडाभर शहर जळत राहिले, जुने हागिया सोफिया चर्च भस्मसात झाले, जमावाने दुसराच एक सम्राट घोषित केला, आणि पलायनाच्या बेतात असलेल्या जस्टिनियनला सम्राज्ञी थिओडोरा हिने थोपविल्यावर त्याच्या सेनानींनी मैदानात कोंडलेल्या लोकांची जी कत्तल केली तीत तीस हजारांहून अधिक माणसे मेली, असे समकालीन इतिहासकार प्रोकोपियस लिहितो.

याच प्रोकोपियसने या पक्षाभिमानाला मनाचा रोग म्हटले आहे. या रंगांसाठी लोक सगेसोयरे ओळखीत नाहीत, द्रव्य उधळतात, तुरुंगात जातात आणि मरतातही, पण कशासाठी हे त्यांनाच ठाऊक नसते, असे त्याचे गाऱ्हाणे होते. पाठीराख्यांपैकी काही तरुण डोक्याचा पुढचा भाग भादरून मागे केस वाढवीत आणि मनगटाशी आवळलेल्या, खांद्याशी फुगलेल्या बाह्यांचे अंगरखे घालून हिंडत, हेही त्याने नोंदविले आहे. त्या रंगांना मुळात ना कुळ होते ना मुलूख. सारथ्यांच्या अंगावरचे ते कापड होते. चौदाशे नव्वद वर्षांनंतरही कापडाच्या रंगावरून माणसे मरतात, तेव्हा प्रोकोपियसचे निदान अपुरे होते असेच म्हणणे भाग आहे. कारण जो रोग इतके राज्यबदल, धर्मबदल आणि खेळबदल पचवून टिकतो, त्याचे मूळ मनाच्या एखाद्या विकृतीत नसून त्याच्या नित्याच्या घडणीतच शोधावयास हवे.

या प्रश्नाची रूढ उत्तरे आपल्या परिचयाची आहेत. कोणी मद्याला दोष देतो, कोणी अशिक्षितपणाला, कोणी बेकारीला. आणि गुस्ताव्ह ल बाँ या फ्रेंच लेखकाने १८९५ साली समूहमनावर ग्रंथ लिहिल्यापासून, जमावात शिरताच माणूस विवेक हरवून बसतो हे तर सुशिक्षितांचे आवडते सूत्रच झाले आहे. परंतु जत्रेत जमाव असतो, मद्यही असते, आणि तरीही जत्रेकरू एकमेकांच्या उरावर बसत नाहीत. याहूनही चमत्कारिक गोष्ट अशी की, ज्यांचे हातपाय खरोखर एकमेकांवर आदळतात, ज्यांची नोकरी, कीर्ती आणि कित्येकदा हाडेही पणाला लागलेली असतात, ते खेळाडू सामना संपताच हस्तांदोलन करून मोकळे होतात; आणि ज्याचे काहीच पणाला लागलेले नाही असे बाहेरून दिसते, तो प्रेक्षक मात्र खुर्च्या पेटवितो.

माझ्या मते सारे मर्म या विसंगतीतच आहे. खेळाडूचा पराभव त्याच्या देहातून वाहून जातो. तो धावला, चुकला, पडला, प्रतिपक्षाचे कौशल्य त्याने आपल्या अंगावर झेलले; आपण का हरलो हे त्याच्या दमलेल्या स्नायूंना ठाऊक असते, आणि उद्या काय करावयाचे हेही त्याच्या हाती असते. प्रेक्षकाला यांतले काहीच लाभत नाही. निकालावर त्याची पुरी मालकी असते, ‘आम्ही जिंकलो’, ‘आम्ही हरलो’ असे तो निःशंक म्हणतो. परंतु तो निकाल घडविण्यात त्याचा वाटा शून्य असतो. ममत्व सोळा आणे आणि कर्तृत्व एक पैही नाही, अशा स्थितीत माणसाला दोन तास बसविले असता शेवटी तो आपल्या हातांना काहीतरी काम शोधतो. जयघोष हे त्यांतले निरुपद्रवी काम, आणि दगड हे दुसरे. क्रीडांगणावरील हिंसा म्हणजे, फार अंशी, न खेळणाऱ्याने सामन्यात शिरण्यासाठी केलेली धडपड होय.

हे ‘आम्ही’ जुळून येण्यास किती थोडे पुरते, याचा प्रत्यय हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास ब्रिस्टल येथे आणून दिला. जन्माने पोलिश ज्यू असलेल्या आणि नाझींच्या संहारात घरची माणसे गमावलेल्या या गृहस्थाने शाळकरी मुलांचे, अमक्या चित्रकाराची चित्रे आवडतात की तमक्याची, असल्या नाममात्र कारणावरून दोन गट पाडले. मुले आपल्या गटसोबत्यांना ओळखतसुद्धा नव्हती. तरीही पैसे वाटण्याची पाळी येताच त्यांनी आपल्या गटाला झुकते माप दिले, आणि आपल्या पदरात थोडे कमी पडले तरी चालेल पण दुसऱ्या गटापेक्षा अधिक पडले पाहिजे, अशीही वाटणी अनेकदा पसंत केली. पुढे १९७६ साली रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांविषयी दाखविले की विद्यापीठाचा संघ जिंकला की पुढच्या सोमवारी त्याचे नाव मिरविणारे कपडे अधिक संख्येने अंगावर चढतात, आणि जिंकल्यावर ‘आम्ही’ म्हणणारा विद्यार्थी हरल्यावर ‘ते हरले’ असे म्हणण्याकडे झुकतो. या चंचलपणाला आपण हसतो. परंतु समाजाच्या स्वास्थ्याच्या दृष्टीने हा चंचल मनुष्य फार उपयोगाचा आहे. ‘ते हरले’ असे म्हणून तो घरी जाऊन जेवतो. ज्याला ‘आम्ही’ सोडता येत नाही, ज्याच्या निष्ठेचे आपण एरवी कौतुक करतो, तोच पेटतो. निष्ठा हा सद्गुण खरा, पण ज्या निष्ठेला करण्यासारखे काही कामच नसते, तिच्या अंगी हा धोका उपजतच असतो.

आता, ममत्व तर लाखोंना असते आणि दंगा क्वचित होतो, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर असे की नुसत्या पराभवाने दंगा होत नाही. पराभव जेव्हा अपहार वाटू लागतो तेव्हा होतो. नोव्हेंबर १९६९ मध्ये मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत पंचांनी वेंकटराघवनला झेलबाद दिले, तो निर्णय लोकांना पटला नाही, आणि पाहता पाहता बाटल्या उडाल्या, खुर्च्यांच्या होळ्या पेटल्या. लिमा येथे २४ मे १९६४ रोजी पेरू आणि अर्जेंटिना यांच्या सामन्यात पेरूचा गोल पंचाने नाकारला, तेव्हाही आरंभ असाच झाला. खेळणाऱ्याला अन्यायाची भरपाई पुढच्या चेंडूवर करता येते. पाहणाऱ्याची फिर्याद ऐकण्यास मात्र कोणतीच कचेरी उघडी नसते. १३ मार्च १९९६ रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर श्रीलंकेविरुद्धच्या विश्वचषक उपांत्य सामन्यात पंचांचा काहीच अपराध नव्हता. २५२ धावांच्या पाठलागात १ बाद ९८ वरून भारताची अवस्था ८ बाद १२० झाली, गॅलऱ्यांत आगी लागल्या, आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेस बहाल केला. प्रेक्षकांना सामना जिंकून देता येत नव्हता, परंतु तो संपू न देणे त्यांच्या हाती होते. त्या सायंकाळी एवढे एकच कर्तृत्व त्यांना उपलब्ध होते आणि ते त्यांनी बजावले.

याच्या जोडीला, संघाच्या पाठीवर खेळाबाहेरची किती ओझी लादली आहेत हे पाहावे लागते. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या चुरशीत घोटी आणि बांगाल, म्हणजे पश्चिमेचे मूळ रहिवासी आणि पूर्वेकडून आलेले, असा भेद प्रथमपासून होता. फाळणीने त्यात निर्वासितांचे गेलेले घरदार आणि उपऱ्याचा अपमान यांची भर घातली. ज्याचे गाव नकाशाच्या पलीकडे गेले त्याला गावाच्या नावाने ओरडण्याची जागा त्या एका मैदानावर होती. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर या दोन संघांच्या सामन्यात गॅलरीत मारामारी जुंपली आणि चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षक प्राणास मुकले. मुंबईत हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन आणि ‘इतर’ अशा जमातवार संघांचे जे पंचरंगी सामने १९३७ पासून भरत, ते बंद व्हावेत असे गांधीजींनी १९४० साली सांगितले, त्यामागेही हीच जाण होती.

खेळामुळे लोकांच्या मनातील वाफ निघून जाते, असे एक समाधान क्रीडाधुरीण नेहमी पुढे करतात. ही विरेचनाची उपपत्ती ॲरिस्टॉटलने शोकांतिकेसाठी मांडली. ती मैदानाला बिनदिक्कत लावता येत नाही. अमेरिकेतील भूदल आणि नौदल यांच्या वार्षिक फुटबॉल सामन्याच्या आधी व नंतर गोल्डस्टीन आणि आर्म्स या दोघांनी प्रेक्षकांना प्रश्न विचारून १९७१ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो असा की सामना पाहून प्रेक्षकांतील वैरभाव वाढलाच, मग त्यांचा पक्ष जिंकलेला असो वा हरलेला. जिम्नॅस्टिक्सच्या प्रेक्षकांत मात्र तशी वाढ आढळली नाही. आपल्या अलंकारशास्त्राला याचे आश्चर्य वाटले नसते. अभिनवगुप्ताने रसास्वादातील विघ्ने मोजताना, हे माझे, हे परक्याचे, असे वाटत राहणे हे एक मोठे विघ्न मानले आहे. नाटकगृहात हे विघ्न दूर झाले म्हणजे रस उत्पन्न होतो. क्रीडांगणात मात्र या विघ्नावरच सारी तिकिटे खपतात.

किंबहुना प्रेक्षकांच्या दंग्याची आपल्याकडची पहिली कैफियत खुद्द भरताच्या नाट्यशास्त्रातच आहे. इंद्रध्वजाच्या उत्सवात पहिला नाट्यप्रयोग झाला, त्याचा विषय देवांनी दैत्यांवर मिळविलेला विजय हा होता, आणि प्रेक्षकांत दैत्यही बसले होते. आपला पराभव रंगलेला पाहून ते खवळले आणि विरूपाक्षाच्या पुढारीपणाखाली विघ्नांनी नटांची वाणी, गती आणि स्मृती गोठवून टाकली. त्यावर तीन उपाय झाले. इंद्राने ध्वजदंडाने त्यांना झोडपले. तेवढ्याने भागेना म्हणून विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधवून त्याच्या प्रत्येक भागावर रक्षक देवता नेमण्यात आल्या. आणि अखेर ब्रह्मदेवाने दैत्यांशी सामोपचाराचे बोलणे लावले की हा खेळ एकट्या देवांचा नाही, तुमचाही आहे.

दंड, वास्तू आणि साम या तीन उपायांपलीकडे आधुनिक सरकारांनाही चौथा सापडलेला नाही. फक्त ते बहुधा पहिल्यावरच थांबतात. लिमामध्ये तीनशेहून अधिक माणसे मेली ती दंगलखोरांच्या हातून नव्हेत. पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि बाहेर पडण्याची दारे बंद होती म्हणून ती गुदमरली. ऑक्टोबर २०२२ मध्ये इंडोनेशियातील मलांग येथे अश्रुधुरानेच १३५ जणांचा घात केला. २९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानावर लिव्हरपूलच्या पाठीराख्यांनी शेजारच्या प्रेक्षकांवर चाल केली, भिंत कोसळली, ३९ जण मेले, आणि इंग्रज प्रेक्षक म्हणजे पिंजऱ्यात ठेवण्याजोगे जनावर हे मत पक्के झाले. चारच वर्षांनी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात अशाच पिंजऱ्याच्या कुंपणांवर चिरडून जी माणसे दगावली त्यांची संख्या पुढे ९७ वर गेली. पोलिसांनी खापर मद्यपी पाठीराख्यांवर फोडले, आणि त्यांचा काही दोष नव्हता हे ज्यूरीच्या तोंडून वदविण्यास २०१६ साल उजाडावे लागले. न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीनंतर कुंपणे काढण्यात आली आणि मोठ्या मैदानांत प्रत्येकाला आसन मिळाले. विश्वकर्म्याचा उपाय इंद्राच्या उपायाहून सरस ठरला, पण त्यासाठी निरपराधांचे बळी पडले.

तिसऱ्या उपायाचे प्रत्यंतर पोर्तुगालने २००४ च्या युरोपीय स्पर्धेत दिले. तेथील नागरी पोलिसांनी दंगलविरोधी पथके दृष्टीआड ठेवली, साध्या गणवेशातील शिपाई पाठीराख्यांत मिसळून बोलत राहिले, आणि गैरवर्तन झाले तर करणाऱ्यालाच धरले, साऱ्या समुदायाला नाही. त्यांच्या हद्दीत इंग्रजांचा उपद्रव नगण्य राहिला. जेथे दुसऱ्या दलाचा अंमल होता आणि हा शिरस्ता नव्हता त्या अल्बुफेइरात दंगे झाले. माणसे तीच होती. त्यांना मिळालेली वागणूक निराळी होती.

आणि आपल्याच देशात १९९९ च्या आरंभी, दिल्लीची खेळपट्टी राजकीय कार्यकर्त्यांनी उकरून ठेवलेली असतानाही, पाकिस्तानचा संघ चेन्नईत १२ धावांनी जिंकला, तेंडुलकरच्या १३६ धावा वाया गेल्या, आणि चेपॉकच्या प्रेक्षकांनी उभे राहून विजेत्यांना टाळ्या दिल्या. तीन आठवड्यांच्या आत कलकत्त्यात त्याच संघाविरुद्ध, शोएब अख्तरशी टक्कर होऊन तेंडुलकर धावबाद झाला, लोकांना तो अपहार वाटला, आणि अखेरीस रिकाम्या केलेल्या स्टेडियममध्ये सामना संपवावा लागला. चेन्नईकरांचे ममत्व उणे होते असे कोण म्हणेल? परंतु पाहणे हेही एक कर्तृत्व आहे, उत्तम चेंडू ओळखणे आणि तो कोणाचाही असो त्याला दाद देणे हे प्रेक्षकाला खरोखर करण्याजोगे काम आहे, हे त्यांना परंपरेने ठाऊक होते. हाताला काम मिळाले होते म्हणून तो हात दगडाकडे गेला नाही.

हे ज्ञान आपोआप येत नाही. कोल्हापुरात तालीम मंडळांच्या फुटबॉल संघांचे पाठीराखे खेळाडूंच्या शेजारी, एकाच पेठेत राहतात, तरी शाहू स्टेडियमला पोलीस बंदोबस्त चुकत नाही. तेव्हा केवळ जवळिकीने किंवा स्वतः खेळल्याने भागते असेही नाही. आपल्या शाळा मुलांना नियमाने खेळावयास शिकवितात, पाहावयास शिकवीत नाहीत. आणि ज्या मंडळांचा व वाहिन्यांचा सारा कारभार प्रेक्षकाच्या ममत्वावर चालतो, त्या सामन्याआधी आठ दिवस सूडाची भाषा बोलतात आणि दंगा झाला की तो समाजकंटकांच्या नावे खर्ची घालतात. ममत्वाचा नफा ज्यांच्या तिजोरीत जमा होतो, त्याचे नुकसानही त्यांच्याच खात्यावर मांडले जावे. उघडी दारे, निःपक्षपाती आणि सर्वांना दिसेल असा न्याय, आणि प्रतिपक्षाच्या खेळाचे मर्म समजावून सांगणारे समालोचन यांवर त्यांनी पैसा खर्चावा. तोवर प्रत्येक मोठ्या सामन्यात हजारो माणसांना पराभवाचे मालक करून आपण रिकाम्या हातांनी बसवीत राहू. आणि मग त्या हातांनी काय उचलले याचे नवल करण्याचा अधिकार आपणास उरणार नाही.