काउंटरमागे बसणाऱ्या नातीस

सेक्टर ७, भिलाई

चि. सोनूस,


बालोदकडच्या त्या गावात तुला खोली मिळाली, पंखा फिरतो, नळाला पहाटे साडेपाचला पाणी येतं आणि घरमालकीण तुला लेकीसारखी हाक मारते, हे ऐकून माझा अर्धा घोर गेला. (उरलेला अर्धा तू वरणभात शिजवतेस की बिस्किटांवर दिवस काढतेस याचा आहे, पण ते पुढे बोलू.) फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "आजी, ग्रामीण बँक काय, वर्ष-दोन वर्षं. मग परीक्षा देऊन मोठ्या बँकेत." जा गं, जरूर जा. तुझ्या हुशारीबद्दल आणि मनाच्या चांगुलपणाबद्दल मला कधीच शंका नव्हती. शंका येते ती फक्त तुझ्या घाईची, कारण जेवताना एक घास तोंडात असतानाच दुसरा हातात घेणारी मुलगी तू लहानपणापासूनच आहेस. म्हणून फोनवर न बोलता हे पत्र लिहितेय. ते दुपारी निवांत वाच, बसमध्ये वाचू नकोस.

आधी आपल्या भिलाईचंच सांगते. पोलाद कारखान्याचा रशियाशी करार झाला २ फेब्रुवारी १९५५ ला, आणि त्याच वर्षी १ जुलैला जुन्या इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले, आणि मंत्री होण्याआधी रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्यांची नोकरी सुरू झाली ती मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, म्हणजे माझं माहेर वर्धा आणि तुझं हे छत्तीसगढ ज्या एका प्रांतात होतं, तिथेच. आपल्याकडच्या बँकांकडे तेव्हा एवढा कारखाना उभारण्याइतकं दीर्घ मुदतीचं भांडवल नव्हतं. रशियाने कर्ज दिलं ते अडीच टक्के व्याजाने, बारा वर्षांच्या हप्त्यांनी. चार वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ ला, पहिली झोतभट्टी सुरू झाली. मी वर्गात मुलांना हे सांगायची तेव्हा ती नेहमी भट्टीबद्दल विचारायची, त्या बारा वर्षांबद्दल कुणीच विचारलं नाही. आता तू बँकेत आहेस, तेव्हा तू विचार.

स्टेट बँक कशाला करावी लागली, तेही ऐक. १९५१-५२ साली गोरवाला समितीने देशभरच्या खेड्यांत पाहणी केली, त्या समितीत आपले धनंजयराव गाडगीळही होते. शेतकऱ्याने उचललेल्या शंभर रुपये कर्जापैकी जवळजवळ सत्तर रुपये सावकाराचे निघाले, सहकारी संस्थांचे तीन, आणि व्यापारी बँकांचा तर पुरता एक रुपयाही नाही. बँका होत्या त्या शहरांत, व्यापाऱ्यांच्या आणि गिरणीमालकांच्या शेजारी. म्हणून स्टेट बँकेला पहिलंच काम सांगितलं गेलं की पाच वर्षांत लहान गावांतून चारशे नव्या शाखा उघडा.

आणि बँका म्हणजे तरी काय अवस्था होती! १९५१ साली देशात साडेपाचशेहून जास्त बँका होत्या, पण त्यातल्या कितीतरी नावालाच. १९६० साली आमच्या विदर्भातली, अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली आणि त्याच वर्षी केरळची पलाई सेंट्रल बँकही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने दुबळ्या बँका धडधाकट बँकांत मिसळायला सुरुवात केली आणि दशक संपेपर्यंत त्यांची संख्या शंभराच्या आत आली. १ जानेवारी १९६२ पासून ठेवीला विमा आला, तेव्हा दीड हजार रुपयांपर्यंत, आज पाच लाखांपर्यंत. वाढ म्हटली की तुम्हा मुलांना फक्त आकडा चढलेला दिसतो, पण बँकांच्या बाबतीत आकडा उतरला तेव्हाच पाया पक्का झाला, हे लक्षात ठेव.

मग आलं १९ जुलै १९६९. चौदा मोठ्या बँका सरकारने ताब्यात घेतल्या, त्यात आपली पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही होती, आणि १९८० साली आणखी सहा घेतल्या. त्याआधी बँकांनी दिलेल्या शंभर रुपयांतले जेमतेम दोन शेतीला जायचे. १९६९ साली देशात आठ हजारांवर शाखा होत्या, म्हणजे साधारण पासष्ट हजार माणसांमागे एक. १९९१ पर्यंत त्या साठ हजारांच्या घरात गेल्या आणि एका शाखेमागे चौदा हजार माणसं उरली. गाडगीळांच्याच अभ्यासगटाने सुचवलं होतं की एकेक भाग घेऊन तिथली गरज पाहून बँकिंग वाढवा. त्यातून प्रत्येक जिल्ह्याला एक अग्रणी बँक नेमून दिली गेली.

तरीही मोठ्या बँकेतला साहेब खेड्यात रमत नव्हता (त्याचा दोष नाही, त्याला तिथली बोलीच कळत नव्हती). म्हणून २ ऑक्टोबर १९७५ ला पहिल्या पाच ग्रामीण बँका निघाल्या. भांडवलात केंद्र सरकारचे शंभरात पन्नास, राज्याचे पंधरा आणि पुरस्कर्त्या बँकेचे पस्तीस, अशी वाटणी. तुझ्या भागात पूर्वी दुर्ग-राजनांदगाव ग्रामीण बँक होती. २०१३ साली ती, सरगुजेची आणि छत्तीसगढ ग्रामीण अशा तिन्ही मिळून तुझी छत्तीसगढ राज्य ग्रामीण बँक झाली. तुम्हाला शंभर रुपये कर्जातले पंचाहत्तर शेती, लहान धंदे, घरकुल अशा अग्रक्रमाच्या कामांना द्यावे लागतात, मोठ्या बँकांना चाळीसच. तेव्हा ज्या कामासाठी सगळी उठाठेव झाली, ते काम तुझ्या टेबलावर सगळ्यात जास्त आहे, हे विसरू नकोस.

बाकीचं चित्र तुला परीक्षेसाठी पाठ आहेच. सगळ्यांत वर १९३५ पासूनची रिझर्व्ह बँक. ती आपल्याकडून ठेव घेत नाही, पण प्रत्येक बँकेच्या ठेवीतला काही भाग बाजूला ठेवायला लावते. खाली, विलीनीकरणं होऊन उरलेल्या बारा सरकारी बँका, १९९१ नंतरच्या सुधारणांतून आलेल्या नव्या खासगी बँका, परदेशी बँका, लघु वित्त बँका. आणि सहकाराची वेगळी उतरंड, गावची सोसायटी, जिल्ह्याची मध्यवर्ती बँक, वर राज्याची शिखर बँक. तुझ्याकडच्या शेतकऱ्याचं धान सोसायटीत मोजलं जातं आणि पैसे जिल्हा सहकारी बँकेत येतात, म्हणून त्या दिवसांत तिथे ही गर्दी उसळते. त्यांना आपले प्रतिस्पर्धी समजू नकोस. ज्याला एक दार उघडत नाही त्याला दुसरं उघडावं, म्हणून ही इतकी दारं आहेत.

आता मला खरं सांगायचंय ते. बँकेच्या तिजोरीत असतो तो दुसऱ्याचा धीर. धान विकून आलेले पैसे ठेवणारी म्हातारी ते उद्या सकाळीही मागू शकते, आणि त्याच पैशातून दिलेलं ट्रॅक्टरचं कर्ज फिटायला सात वर्षं लागतात. या दोहोंच्या मधे फक्त तिचा विश्वास उभा असतो. विरजण लावलेल्या भांड्यात दर दहा मिनिटांनी बोट घालून पाहिलं तर दही लागत नाही गं. देशाच्या बँकांनीही जेव्हा जेव्हा घाई केली तेव्हा तेव्हा त्या पोळल्या. ऐंशीच्या दशकात कर्जमेळे भरवून धडाधड कर्जं वाटली, वसुलीला कुणी गेलंच नाही. पुढे २००४ नंतर वीज, रस्ते, पोलाद यांना वाटेल तशी कर्जं दिली आणि फिटत नाहीत म्हणताना जुन्यावर नवी देऊन ती झाकली. २०१८ साली शंभरातले अकरा रुपये बुडीत खाती पडले होते. दिवाळखोरीचा कायदा २०१६ ला आला आणि रिझर्व्ह बँकेने पहिल्यांदा जी बारा मोठी थकीत खाती कोर्टात पाठवली, त्यांतली पाच पोलादाची होती. आम्हा भिलाईकरांना ते वाचून कसंसंच झालं. हिशेब साफ करायला सहा वर्षं गेली, तेव्हा कुठे २०२४ मध्ये तो आकडा तिनाच्या खाली आला. कर्ज वाटायला एक सही पुरते, निस्तरायला एक पिढी बँकेत म्हातारी होते.

तू म्हणशील, आजी, एवढाली कर्जं माझ्या हातात कुठे! खरंय, पण तुझ्या वाट्याची घाई वेगळी आहे. सरकारच्या महतारी वंदन योजनेचे हजार रुपये जमा झाले की बाया उन्हं चढायच्या आत येऊन बसतील. कुणी दाई (तिकडे आईला, म्हातारीला दाई म्हणतात) पासबुक पुढे करून पुन्हा पुन्हा विचारेल की आले का. रांग लांब असेल, सर्व्हर बसला असेल, आणि वरून साहेबांचा फोन येईल की या महिन्यात विम्याच्या इतक्या पॉलिसी व्हायलाच हव्यात. त्या वेळी, बाळा, कागद वाचून दाखवल्याशिवाय कुणाचा अंगठा घेऊ नकोस. २०१४ पासून जनधन खात्यांमुळे अशा कितीतरी बाया पहिल्यांदा बँकेची पायरी चढल्या, २०१६ पासून फोनवरून क्षणात पैसे जाऊ लागले, गावात बँकेची प्रतिनिधी, बीसी सखी, मशीन घेऊन दारात येते. ही सगळी चांगलीच गोष्ट झाली. पण फसवणारा माणूसही त्यांना हेच म्हणतो, "लवकर करा, खातं बंद होईल, लवकर नंबर सांगा." म्हणून तू त्यांना एवढंच शिकव की बँक कधी घाई करत नाही, जो घाई करतो तो बँकेचा नाही. आणि हे शिकवणारी स्वतःच घाईत असून कसं चालेल?

आता माझ्या जुन्या गोष्टी, त्या तुला पाठ आहेत तरी ऐक. पाणी साडेपाचला येतं ना, मग पाचला ऊठ. शाखा उघडण्याआधी अर्धा तास पोचलीस, कॅश शांतपणे मोजलीस, कालचं उरलेलं काम हातावेगळं केलंस, की पहिल्या बाईशी बोलताना तुझा आवाज चढणार नाही. दिवसभराची शांतता सकाळीच मिळवावी लागते, दुपारी ती उसनीही मिळत नाही. दुसरं, पहिल्या पगारापासून आवर्ती ठेव सुरू कर, पाचशेची का असेना. तुझ्या आजोबांचा पगार तेव्हा रोख हातात यायचा आणि मी तो आल्या दिवशीच किराणा, दूध, शाळा, गावची मनिऑर्डर असा वेगवेगळ्या डब्यांत ठेवायची. बचतीचा डबा सगळ्यांत आधी भरायची, उरलं तर भरू असं म्हटलं की कधी उरत नाही. स्वतः हप्ता भरणाऱ्या मुलीला दुसऱ्याच्या हप्त्याची किंमत कुणी समजावून सांगावी लागत नाही. आणि तिसरं, रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं तिथली बोली शीक. दाईने दोनदा विचारलं तर तिसऱ्यांदा तिच्याच भाषेत सांगता यायला हवं.

मोठ्या बँकेची परीक्षा जरूर दे, पुस्तकं लागली तर कळव. मात्र अर्ज भरण्याआधी एवढं कर. तुझ्या शाखेतून कर्ज घेऊन ते पुरतं फेडलेल्या दोन-तीन बायांच्या घरी एखाद्या रविवारी जा, महिला गटातल्या असतील तर फारच छान, आणि त्यांनी पहिला हप्ता कसा उभा केला ते विचार. ते ऐकून झालं की मग ठरव कुठे जायचं. तू जे ठरवशील ते मला मान्य आहे, फक्त ते घाईत ठरवलेलं नसावं.

डाळ संपली की सांग, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवते.

तुझी,
आजी