श्वास देणारा हात

माथ्यावर अंडाकार कडी असलेला क्रूस, असे प्राचीन इजिप्तच्या ‘अंख’चे रूप. आज तो ‘चिरंतन जीवनाचे प्रतीक’ म्हणून लॉकेटात विकला जातो. हा अर्थ खोटा नाही, पण अर्धा आहे. देवळांच्या भिंतींवर अंख बहुधा कुणाच्या तरी हातात दिसतो. देव तो मुठीत धरून राजाच्या थेट नाकाशी नेतो. छातीशी नाही, कपाळाशी नाही, नाकाशी. जगणे म्हणजे श्वास, आणि श्वास ही स्वतःची कमाई नव्हे, तो कुणीतरी द्यावा लागतो, हा विचार एवढ्या एका हालचालीत मावला आहे. राजाच्या शुद्धिस्नानाच्या चित्रांत तर त्याच्यावर ओतलेल्या पाण्याच्या धाराही अंखांच्या माळांनी काढलेल्या असतात.

देणारा आला की घेणारा कोण, हा प्रश्न आलाच. सुरुवातीला हा मान मुख्यतः राजाचा. पुढे ‘मध्य राज्य’ म्हटल्या जाणाऱ्या कालखंडात अधिकाऱ्यांच्या शवपेट्यांवरही अंख रंगवले जाऊ लागले. मरणोत्तर जीवनावर त्यांनीही हक्क सांगितला. मग इ.स.पू. १४व्या शतकात अखेनातेन हा राजा आला आणि त्याने एक अतेनच, म्हणजे सूर्यबिंबच, पूजेत ठेवले. बर्लिनच्या संग्रहालयात त्याच्या काळातली एक दगडी पाटी आहे. राजा आणि राणी नेफरतिती समोरासमोर बसली आहेत, तीन लहान मुली अंगाखांद्यावर खेळताहेत. वरच्या बिंबातून किरण उतरतात, प्रत्येक किरणाच्या टोकाला चिमुकला हात आहे, आणि अंख धरलेले हात राजाराणीच्या चेहऱ्यांपाशी आले आहेत. कौटुंबिक जिव्हाळ्याचे चित्र म्हणून ते प्रसिद्ध आहे. मला मात्र ती राजसत्तेची जाहिरात वाटते: प्राण हवा असेल, तर या घराच्या दारातूनच मिळेल.

पुढे अनेक शतकांनी इजिप्तमध्ये ख्रिस्ती धर्म पसरला. इ.स. ३९१च्या सुमारास अलेक्झांड्रियातले सेरापिस या देवाचे मंदिर पाडले गेले, तेव्हा दगडांवर क्रूसासारख्या खुणा सापडल्या. पाचव्या शतकातला चर्चचा इतिहासकार सॉक्रेटिस (तत्त्वज्ञ नव्हे) सांगतो की त्यावरून वाद पेटला. ख्रिस्ती म्हणाले, हे आमचे. जुन्या धर्माचे लोक म्हणाले, हे दोघांचेही. तेवढ्यात, चित्रलिपी जाणणाऱ्या काही नवख्रिस्तींनी अर्थ लावला: ‘येणारे जीवन’. ख्रिस्ती मंडळींना आणखी काय हवे होते! इजिप्तच्या कॉप्टिक ख्रिस्तींनी कडीचा क्रूस आपल्या कापडांवर आणि दगडांवर आणला. चित्रलिपीतला शेवटचा ज्ञात लेख फिली बेटावर ३९४मध्ये कोरला गेला. लिपी मेली, तिच्यातले हे एक अक्षर मात्र धर्म बदलून जगले.

आजच्या लॉकेटात तो देणारा हात नाही. ज्याने त्याने आपले जीवन आपल्याच गळ्यात अडकवायचे. १९८३च्या ‘द हंगर’ या चित्रपटात तर रक्तपिपासू नायक-नायिका अंखमध्ये लपवलेल्या पात्याने माणसांचे गळे चिरतात.